१२,३४,५६,७८९ चे गुणधर्म हाताने काढताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

एक ते नऊ अंक ओळीने लिहिले की बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद ही संख्या मिळते. तिचे विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ती पूर्ण वर्ग आहे का, दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का, हे प्रश्न शाळेतल्या गणिताच्या जोरावर सुटतात. तरी उत्तरं चुकतात, कारण बहुतेक जण थेट विभाजक शोधायला बसतात. ३ सापडतो, ९ सापडतो, पुढे शंभर-दीडशेपर्यंत काहीच मिळत नाही आणि मग "उरलेली संख्या मूळ असावी" असं गृहीत धरून पुढचं सगळं मांडलं जातं. ती संख्या मूळ नाही. तिथे चूक झाली की नंतरचं एकही उत्तर बरोबर येत नाही.

म्हणून आधी मूळ अवयव पाडायचे, ते तपासायचे आणि मगच बाकीच्या प्रश्नांना हात घालायचा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा.

## तयारी

चौकटीची वही घ्या. एका चौकटीत एकच अंक, म्हणजे हातचे आणि स्थानं सरकत नाहीत. सुरू करण्याआधी वहीच्या एका कोपऱ्यात तीन गोष्टी लिहून ठेवा.

१. ६१ पर्यंतच्या मूळ संख्या: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१. एकूण १८ आहेत का ते मोजून बघा. ५१ आणि ५७ चुकून यादीत शिरतात; दोन्हींना ३ ने भाग जातो.

२. पूर्ण वर्गाची ओळख: शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६ किंवा ९ असतो. शेवटी ५ असेल तर शेवटचे दोन अंक २५ असतात. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत गेलं की १, ४, ७ किंवा ९ येतो. यांपैकी एकही अट मोडली तर ती संख्या पूर्ण वर्ग नाही. सगळ्या अटी पाळल्या म्हणून ती पूर्ण वर्ग असेलच असं मात्र नाही.

३. विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागलं की बाकी नेहमी १ उरते. याचा उपयोग शेवटी होईल.

कॅल्क्युलेटर वापरणार असाल तर त्यावर किती अंक मावतात ते आधी बघा. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्या पूर्ण टाकताच येत नाही, नववा अंक गळतो. घाईत ते लक्षात येत नाही आणि १,२३,४५,६७८ वर गणित सुरू होतं.

## पायरी १: संख्या नीट उतरवून घ्या

हिशेबासाठी संख्या स्वल्पविरामांशिवाय लिहा: १२३४५६७८९. अंक नऊ आहेत आणि प्रत्येक एकदाच आला आहे, हे बघून घ्या.

हिच्याशी हमखास गल्लत होते ती १२३४५६७९ ची. तिच्यात ८ नाही, ती आठ अंकी आहे आणि तिला ९ ने गुणलं की १११११११११ येतात. दुसरी गल्लत वर्गाची. १२३४५६७८९८७६५४३२१ हा सुंदर आकडा १११११११११ चा वर्ग आहे, आपल्या संख्येचा नाही. आपल्या संख्येचा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१ आहे.

## पायरी २: २, ३, ५ आणि ९ च्या कसोट्या

शेवटचा अंक ९ आहे, त्यामुळे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. १ ते ९ अंक कोणत्याही क्रमाने लावले तरी बेरीज ४५ च राहते, त्यामुळे असा कुठलाही क्रम मूळ संख्या होऊ शकत नाही.

भाग द्या: १२३४५६७८९ ÷ ९ = १३७१७४२१.

इथे थांबू नका. भागाकारालाही पुन्हा ३ ची कसोटी लावा. १+३+७+१+७+४+२+१ = २६, म्हणजे आता ३ ने भाग जात नाही. ही दुसरी तपासणी वगळली तर ३ चा घातांक २ आहे की ३ ते ठरत नाही, आणि पुढे विभाजकांची संख्या चुकते.

तपासा: वहीत आता १२३४५६७८९ = ३² × १३७१७४२१ ही ओळ असायला हवी. इथून पुढे १३७१७४२१ वरच काम करायचं.

## पायरी ३: ७, ११ आणि १३ एकदम

७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे या तिन्हींची कसोटी एकाच फटक्यात होते. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि एकाआड एक वजा-अधिक करा.

४२१ − ७१७ + १३ = −२८३

आता फक्त २८३ तपासायचे. ७ ने भागल्यास बाकी ३, ११ ने ८, १३ ने १०. तिघेही बाद.

सावधान: आपले स्वल्पविराम इथे दगा देतात. आपण ही संख्या १,३७,१७,४२१ अशी लिहितो, म्हणजे पहिला गट तीन अंकांचा आणि पुढचे दोन-दोनचे. ही कसोटी मात्र तीन-तीन अंकांवरच चालते, कारण ती हजाराच्या घातांवर उभी आहे. स्वल्पविराम बघून ४२१ − १७ + ३७ − १ केलं तर मिळणाऱ्या ४४० ला ११ ने निःशेष भाग जातो आणि ११ हा अवयव आहे असा भलताच निष्कर्ष निघतो. वहीत स्वल्पविरामांशिवाय लिहायला सांगितलं ते याचसाठी.

खात्री हवी असेल तर ११ ची नेहमीची कसोटी लावा. उजवीकडून १−२+४−७+१−७+३−१ = −८. वर २८३ ची बाकी ८ आली होती आणि आपली बेरीज −२८३ होती, म्हणजे दोन्ही जुळतात.

## पायरी ४: मर्यादा काढा आणि मग ठरवा

संयुक्त संख्येचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असतो. १३७१७४२१ चं वर्गमूळ कुठे आहे? ३७०३² = १३७१२२०९ आणि ३७०४² = १३७१९६१६. म्हणजे ते ३७०३ आणि ३७०४ यांच्या मध्ये आहे.

याचा अर्थ असा की एकेका मूळ संख्येने भागत गेलो तर ३७०३ पर्यंत जायची तयारी हवी. पाचशेवी मूळ संख्या ३५७१ आहे. म्हणजे पाचशेहून जास्त भागाकार, तेही आठ अंकी संख्येचे. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो आणि "मूळ असावी" हा शेरा पडतो.

कोपऱ्यातल्या यादीतले ६१ पर्यंतचे भागाकार मात्र करून टाका. १७ ने बाकी २ उरते, १९ ने १०. पुढेही कोणी निःशेष भागत नाही. मग पाचशेच्या वाटेला न जाता पुढची पद्धत वापरा.

## पायरी ५: फर्माची पद्धत

या पायरीला पुरेसा वेळ द्या.

फ्रेंच गणिती फर्मा याची कल्पना अशी: विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहिता आली, म्हणजे क² − ख² अशी, तर तिचे अवयव लगेच मिळतात: (क − ख) आणि (क + ख). म्हणून वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक क धरायचा, क² मधून आपली संख्या वजा करायची आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं. नसेल तर क पुढे सरकवायचा.

क = ३७०४ धरू. १३७१९६१६ − १३७१७४२१ = २१९५. शेवटी ५ आहे, पण शेवटचे दोन अंक ९५, २५ नाहीत. बाद. वर्गमूळ काढायचीही गरज पडली नाही.

क = ३७०५ धरू. ३७०५² = १३७२७०२५. त्यातून १३७१७४२१ वजा केले की ९६०४. शेवटी ४, चालेल. अंकांची बेरीज १९, मग १०, मग १, तेही चालेल. आता वर्गमूळ काढा: ९८² = ९६०४. जुळलं.

म्हणून १३७१७४२१ = (३७०५ − ९८) × (३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३.

पाचशे भागाकारांचं काम दोन वजाबाक्यांत झालं. थोडा विचार केला तर तेही एकावर आलं असतं. १३७१७४२१ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते (शेवटचे दोन अंक २१ बघा). अशा वेळी क विषमच असावा लागतो, कारण सम क च्या वर्गातून ही संख्या वजा केली की ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि कुठल्याही वर्गाची बाकी ३ नसते. म्हणजे ३७०४ सोडून थेट ३७०५ ला जाता येतं.

इथल्या नेहमीच्या चुका:

वर्गमूळाच्या खालचा आकडा, म्हणजे ३७०३, घेऊन सुरुवात करणं. वजाबाकी ऋण येते आणि गोंधळ उडतो.

वजाबाकीचा आकडा "वर्गासारखा दिसतो" म्हणून तो वर्ग धरून चालणं. कसोट्या फक्त बाद करायला असतात. वर्ग आहे हे वर्गमूळ काढूनच ठरतं.

ही पद्धत सगळीकडे चालेल अशी आशा धरणं. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच ती वेगाने संपते. इथे ३६०७ आणि ३८०३ शेजारी-शेजारी होते म्हणून जमलं. अवयव एकमेकांपासून लांब असतील तर क हजारो वेळा सरकवावा लागतो. माझा सल्ला असा: आधी लहान मूळ संख्यांनी भागून बघा, मग फर्माच्या वीसेक पायऱ्या करा, आणि तरीही जमलं नाही तर निमूटपणे भागाकारांकडे परत या.

## पायरी ६: मिळालेले अवयव मूळ आहेत का?

फर्माच्या पद्धतीतून अवयव मिळतात, ते मूळ असतीलच असं नाही. ही तपासणी गाळणं ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत महागडी चूक आहे.

३६०७ चं वर्गमूळ ६० च्या जरासं पुढे आहे (६०² = ३६००), म्हणून ५९ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. ३८०३ साठी ६१ पर्यंत जावं लागतं, कारण ६१² = ३७२१ हा आकडा ३८०३ पेक्षा लहान आहे. "दोन्ही साधारण सारख्याच आहेत" म्हणून दुसऱ्यासाठीही ५९ वर थांबू नका.

थोड्याशा फरकाने निसटणारे भागाकार दोनदा करा: ३६०७ ला ७ ने बाकी २, १७ ने ३, ५३ ने ३. ३८०३ ला ७ ने २, १९ ने ३, २९ ने ४. सगळे भागाकार पूर्ण केल्यावर कुठेही बाकी शून्य येत नाही. दोन्ही संख्या मूळ आहेत.

१२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३

## पायरी ७: गुणून पडताळा

३६०७ × ३८०० = १३७०६६००. ३६०७ × ३ = १०८२१. बेरीज १३७१७४२१. त्याला ९ ने गुणलं की १२३४५६७८९ परत येते.

अनेक जण इथे फक्त नऊचा ताळा (अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत) बघतात. ३६०७ चा ७, ३८०३ चा ५, गुणाकार ३५, म्हणजे ८. आणि १३७१७४२१ चाही २६, म्हणजे ८. जुळला. पण दोन अंकांची अदलाबदल झाली तर नऊच्या ताळ्याला ती कळत नाही, कारण अंकांची बेरीज तीच राहते. म्हणून अकराचाही ताळा घ्या. ३६०७ ची बाकी १०, ३८०३ ची ८, गुणाकार ८०, त्याची बाकी ३. पायरी ३ मध्ये आपल्याला −८ मिळाले होते, म्हणजे तीही ३ च. शेजारच्या अंकांची अदलाबदल अकराच्या ताळ्यातून सुटत नाही.

## पायरी ८: विभाजक

प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा: (२+१) × (१+१) × (१+१) = १२. घातांकच गुणले (२ × १ × १) तर उत्तर २ येतं, आणि दोनच विभाजक फक्त मूळ संख्येला असतात. ३ हा एकच अवयव समजून (१+१) धरलं तर ८ येतात.

यादी जोड्यांनी करा, एकही निसटत नाही:

१ × १२३४५६७८९
३ × ४११५२२६३
९ × १३७१७४२१
३६०७ × ३४२२७
३८०३ × ३२४६३
१०८२१ × ११४०९

तपासा: सहा जोड्या, बारा विभाजक. शेवटच्या जोडीतले दोन आकडे संख्येच्या वर्गमूळाच्या (११,१११ च्या किंचित पुढे) दोन बाजूंना आहेत.

## पायरी ९: विभाजकांची बेरीज आणि सहमूळ संख्या

बेरीज = (१+३+९) × (१+३६०७) × (१+३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ३² साठी (१+३)², म्हणजे १६ घेणं. घातांक २ असेल तर कंसात १, ३ आणि ९ तिन्ही येतात.

या बेरजेतून आपली संख्या वजा केली की ५,४९,६६,०२७ उरतात. ही संख्येपेक्षा कमी आहे, म्हणजे स्वतः वगळून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येला गाठत नाही. ६ किंवा २८ सारखी ही परिपूर्ण संख्या नाही.

१ पासून १२३४५६७८९ पर्यंतच्या किती संख्या हिच्याशी सहमूळ आहेत, म्हणजे १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या? ऑयलरच्या सूत्राने: ९ साठी ६, ३६०७ साठी ३६०६, ३८०३ साठी ३८०२. ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. ९ साठी २ × २ = ४ घेऊ नका; १ ते ९ मध्ये ३ ने भाग न जाणाऱ्या संख्या मोजल्या तर त्या सहा भरतात. उत्तर ढोबळमानाने ताडून बघायचं तर ते संख्येच्या दोन-तृतीयांशाहून किंचित कमी यायला हवं, आणि तसंच आलं आहे.

## पायरी १०: वर्गांचे प्रश्न

पूर्ण वर्ग आहे का? तयारीतल्या दुसऱ्या मुद्द्यातल्या कसोट्या ही संख्या फसवून पार करते: शेवटी ९ आहे, अंकांची बेरीज ९ वर येते, आणि ८९ वर संपणारे वर्गही असतात (१७² = २८९). इथे आठची बाकी कामी येते. शेवटचे तीन अंक ७८९. ८ ने भागल्यास बाकी ५. विषम वर्गाची बाकी १ च असते, म्हणून हा वर्ग नाही. अवयव हातात असतील तर हे आणखी सोपं: ३६०७ चा घातांक विषम आहे. सगळ्यात जवळचा लहान वर्ग १११११² = १२३४५४३२१ आणि फरक बरोबर २४६८.

दोन वर्गांची बेरीज? संख्येला ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून "होय" लिहायचा मोह होतो. तो नियम मूळ संख्यांचा आहे. संयुक्त संख्येसाठी प्रत्येक मूळ अवयव वेगळा बघावा लागतो: ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव सम घातांकाने यायला हवा. ३६०७ आणि ३८०३ दोघांचीही बाकी ३ आणि घातांक १. म्हणून उत्तर: नाही.

दोन वर्गांची वजाबाकी? होय, सहा प्रकारे. विभाजकांची प्रत्येक जोडी एक प्रकार देते: जोडीच्या बेरजेचं निम्मं आणि फरकाचं निम्मं घ्या. शेवटच्या जोडीतून ११११५² − २९४² मिळतं. पहिल्या जोडीतून ६१७२८३९५² − ६१७२८३९४². एकांची ओळ लिहिताना अंक मोजा, इथे एक जास्त किंवा कमी पडणं फार सोपं आहे.

त्रिकोणी संख्या, म्हणजे १ + २ + ३ + … अशी बेरीज? तशी असेल तर ८ ने गुणून १ मिळवल्यावर पूर्ण वर्ग येतो. ८ ने गुणून १ मिळवा: ९८७६५४३१३. शेवटी ३, वर्ग नाही, म्हणून त्रिकोणीही नाही.

## संगणकावर पडताळणार असाल तर

स्प्रेडशीट साधारण १५ सार्थ अंकांपर्यंतच अचूक असते. तिथे या संख्येचा वर्ग काढला तर शेवटचे २१ जाऊन १५२४१५७८७५०१९०५०० दिसतो, कुठलाही इशारा न देता. शेवटी शून्यं दिसली की लगेच सावध व्हा: ९ वर संपणाऱ्या संख्येचा वर्ग १ वर संपायलाच हवा.

द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) ही संख्या १११०१०११०११११००११०१०००१०१०१ अशी येते. २७ अंक, त्यांत १६ एक. २²⁶ = ६७१०८८६४ आणि २²⁷ = १३४२१७७२८ यांच्या मध्ये ती बसते, म्हणून अंक २७ पेक्षा कमी-जास्त आले तर रूपांतर चुकलं समजा.

## स्वतः करून बघण्यासाठी

आता तेच अंक उलटे घ्या: ९८७६५४३२१. आपल्या संख्येला ८ ने गुणून ९ मिळवले की हीच येते, त्यामुळे दोघींचा मसावि ९ आहे हे युक्लिडच्या भागाकाराने एका ओळीत निघतं. हिचे अवयव पाडताना ९ काढून १०९७३९३६९ वर या. इथे फर्माची घाई करू नका, पायरी ४ मधले लहान भागाकारच उपयोगी पडतील. १७ ने भाग जातो. भागाकार ६४५५२५७ आला की पुन्हा १७ ने भागून बघा, अनेक जण नेमकं तेच विसरतात. उत्तर ३² × १७² × ३७९७२१ यायला हवं आणि विभाजक १८. ३७९७२१ मूळ आहे हे ठरवण्यासाठी ६१६ पर्यंतच्या मूळ संख्या लागतील.